आशा आणि चांगभलं : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका कल्पनेचा विचार

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास करताना धर्मांतराचा इतिहास, मिशनांचे शिक्षणकार्य, मुद्रणकला, वृत्तपत्रे आणि गद्याची जडणघडण ह्या अंगांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते. ही अंगे महत्त्वाची आहेत यात शंका नाही. परंतु धर्म ही वस्तू माणसाला प्रामुख्याने संकटकाळी लागते. आणि ज्या वाङ्मयाला धर्माची प्रेरणा आहे त्याची खरी परीक्षा संकटाच्या चित्रणातच होते. दुष्काळ, प्लेग, वैधव्य, आप्तांचा वियोग अशा प्रसंगी ख्रिस्ती श्रद्धेने मराठी माणसाला कोणता आधार दिला आणि तो आधार मराठी भाषेत कोणत्या रूपाने उतरला, हा प्रश्न म्हणूनच केवळ धर्मशास्त्राचा नाही. तो वाङ्मयसमीक्षेचाही आहे.

ह्या प्रश्नाच्या मुळाशी एक शब्द आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात विश्वास, आशा आणि प्रीती ह्या तिघींना चिरंतनाचे स्थान दिले आहे. विल्यम केरी यांच्या प्रयत्नाने श्रीरामपूर येथून १८०५ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत आला. तेव्हापासून मराठी भाषांतरकारांपुढे ह्या तीन कल्पनांना मराठी नावे देण्याचे काम उभे राहिले. विश्वास आणि प्रीती ह्या शब्दांनी फारशी अडचण केली नसावी. भक्तिमार्गाने त्यांची भूमी आधीच नांगरलेली होती. आशेची गोष्ट निराळी आहे.

मराठी माणसाच्या पारमार्थिक शब्दकोशात आशा ही सद्गुण म्हणून कधीच वावरली नव्हती. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या वर्णनात आशेला पाशाचे रूपक आले आहे. उलट चौथ्या आणि सहाव्या अध्यायांत ‘निराशी’ हे साधकाचे भूषण ठरले आहे. संतवाङ्मयात आशा, तृष्णा आणि ममता ह्या एकाच पंक्तीला बसतात, आणि त्या पंक्तीतून उठून जाणे हाच परमार्थ मानला जातो. आज ‘निराश’ म्हणजे खचलेला. जुन्या पारमार्थिक भाषेत तोच शब्द मोकळा झालेला, निरिच्छ झालेला असा अर्थ सांगत होता. अशा भाषेत ‘आशा धरा’ असे सांगणारा धर्मोपदेशक ऐकणाऱ्याला काय सांगत होता? मोहाचा जो दोर तोडण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खटाटोप केला, तोच पुन्हा हाती धरा, असे तर नव्हे?

पौलाच्या मनातील ‘एल्पिस’ म्हणजे फळाची वासना नव्हे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात त्याने संकट, धीर, कसोटी आणि आशा अशी साखळी मांडली आहे. तेथे आशा संकटाच्या आधी येत नाही, संकटाच्या पोटी जन्मते. हा अर्थ मराठी ‘आशा’ ह्या शब्दात मुळात नव्हता; तो त्यात भरावा लागला. तो कोणी भरला आणि कशाने भरला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

शब्दाच्या शोधात असलेल्या ह्या वाङ्मयाच्या भोवती जो समाज होता, तोही संकटात काही बोलत होता. तो काय बोलत होता हे पाहण्यासाठी जोतिबाच्या डोंगरासारखे दुसरे ठिकाण नाही.

कोल्हापूरच्या वायव्येस अठरा-वीस किलोमीटरवर, पन्हाळ्याच्या जवळ, वाडी रत्नागिरी हे जोतिबाचे ठाणे आहे. १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधलेल्या देवळात केदारनाथ ऊर्फ जोतिबा नांदतो. चैत्री पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. गावोगावच्या उंच सासनकाठ्या खांद्यांवर नाचत येतात, दवणा वाहिला जातो, गुलालखोबऱ्याची उधळण होते आणि पालखी यमाईच्या भेटीला जाते. देवाचा वार रविवार. माघ महिन्याच्या रविवारी कोल्हापूर आणि आसपासचे भाविक अनवाणी चालत डोंगर चढतात; त्यालाच खेटे म्हणतात. दैत्यांचा संहार करून जोतिबा उत्तरेकडे परत निघाला असता करवीरची अंबाबाई त्याच्यामागे चालत गेली आणि तिने त्याला थांबवले, अशी आख्यायिका खेट्यांच्या मुळाशी सांगतात. संकटातील माणसाची मूलभूत प्रार्थना तीत आहे : देवा, जाऊ नकोस.

ह्या डोंगरावरील घोष ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ हा आहे. ‘चांग’ आणि ‘भलं’ ही दोन्ही पदे कल्याणवाचक आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर ह्या घोषात एक लक्षणीय गोष्ट आढळते : कल्याण कोणाचे, हे त्यात सांगितलेले नाही. नवस बोलणारा माणूस आपल्या लेकराचे, बैलाचे, पिकाचे नाव घेतो. परंतु तोच माणूस गुलालात उभा राहून ओरडतो तेव्हा त्याच्या ओठांवर स्वतःचे काहीही नसते. देवाच्या नावाने जे मागितले जाते ते सर्वांना लागू होते. नवसात अट असते. चांगभल्यात अट नसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘होमो व्हिआटोर’ ह्या ग्रंथात फ्रेंच तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी माणसाला वाटसरू कल्पून आशेची मीमांसा केली आहे. अमुक घडावे अशी आशा आणि कोणतेही विशिष्ट फळ पुढे न ठेवता धरलेली आशा, असा भेद त्यांनी केला; दुसरीलाच त्यांनी खरी आशा मानले. युद्धाने आणि परकीय सत्तेने ग्रासलेल्या देशातील तत्त्वज्ञाला जो भेद सुचला, तो जोतिबाचा डोंगर चढणाऱ्या शेतकऱ्याने नवस आणि चांगभलं ह्या दोन निराळ्या शब्दांत फार पूर्वीपासून सांभाळलेला आहे. लोकधर्म म्हणजे निव्वळ भय आणि देवाशी केलेली देवाणघेवाण, असे मत एकोणिसाव्या शतकातील मिशनरी लेखनात वारंवार व्यक्त होते. ते नवसापुरते खरे मानले तरी ह्या घोषापुढे अपुरे पडते. १८५२ मध्ये रॉयल गोल्ड वाइल्डर यांनी कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे काम सुरू केले तेव्हा त्यांच्या दारावरून जाणाऱ्या वाटसरूंपाशी आशेला नाव नव्हते, पण आरोळी होती.

३

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ मात्र कोल्हापुरापासून दूर, गोव्यात, आणि दोन शतकांहून अधिक आधी झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मुद्रित झाले. साष्टी प्रांतातील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे त्यांच्यापासून दूर झाली होती. त्यांच्या जागी दुसरे काही द्यावे ह्या गरजेतून सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ निर्माण झाला. त्याची रचना ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ अशी द्विदल आहे. येशूचा जन्म दुसऱ्या पुराणात येतो. त्यापूर्वी कित्येक हजार ओव्या वाचक केवळ वाट पाहत असतो : वचन मिळालेले आहे, तारक अद्याप आलेला नाही. आशा ह्या कल्पनेची व्याख्या न करता ग्रंथाच्या बांधणीनेच ती वाचकाच्या अंगी मुरवण्याची ही रीत विलक्षण आहे. स्टीफन्स यांनी आशेला मराठीत ‘वाट पाहणे’ हे रूप दिले, असे म्हणता येईल; आणि वाट पाहणे ही पंढरीच्या परंपरेला पूर्ण परिचित असलेली अवस्था आहे.

एकोणिसाव्या शतकातील गद्याने मात्र दुसरा मार्ग धरला. बेळगावला १८३१ मध्ये जन्मलेले आणि १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. हिंदू विधवांच्या स्थितीचे निरूपण हा तिचा विषय. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासात विधवांच्या कहाण्या ऐकतात. पुढे यमुनेवरच वैधव्याचा प्रसंग येतो. मराठी कादंबरीच्या प्रारंभीच इतका जिव्हाळ्याचा सामाजिक विषय हाताळला गेला याचे श्रेय पदमनजींना निःसंशय दिले पाहिजे. परंतु आशेच्या चित्रणाच्या दृष्टीने ह्या कृतीत एक मोठी उणीव आहे. प्रत्येक दुःखाची कहाणी संपण्यापूर्वीच तिचे उत्तर लेखकाच्या हाती तयार असते. विधवेचा आक्रोश आणि त्यावरील उपदेश यांत वाचकाला श्वास घेण्यापुरतीही जागा उरत नाही. यमुनेला पतीच्या मृत्यूनंतर जे सांत्वन मिळते ते खोटे नाही. पण त्याची किंमत कादंबरीत मोजलेली दिसत नाही. पौलाच्या साखळीतील धीर आणि कसोटी हे मधले दोन दुवे येथे गळाले आहेत आणि संकटाला आशा एकदम जोडली गेली आहे. वादात जिंकलेली आशा दुःखात पुरेलच असे नाही, ही गोष्ट ‘यमुनापर्यटन’ वाचताना जाणवल्यावाचून राहत नाही.

४

ख्रिस्ती आशा आणि जोतिबाचे चांगभलं ह्या दोहोंना एकाच ग्रंथात जागा देणारा लेखक ख्रिस्ती नव्हता, ही मराठी वाङ्मयेतिहासातील मोठी अर्थपूर्ण घटना आहे. ११ एप्रिल १८२७ रोजी जन्मलेल्या जोतीराव फुल्यांचे नाव जोतिबाच्या यात्रेवरून ठेवले गेले. त्यांचे शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. मिशनऱ्यांचे ऋण त्यांनी मानले, परंतु बाप्तिस्मा घेतला नाही.

‘गुलामगिरी’ (१८७३) ह्या ग्रंथात फुल्यांनी पुराणकथांची उलटतपासणी करून बळीराजाचे राज्य हे शूद्रातिशूद्रांचे हरवलेले सुराज्य म्हणून उभे केले. त्या राज्याच्या कारभारात खंडोबा आणि जोतिबा ह्या लोकदैवतांना त्यांनी बळीचे अधिकारी म्हणून स्थान दिले. त्याच ग्रंथात पुढे पश्चिमेकडील एका दुसऱ्या बळीराजाचे वर्णन येते. गरिबांचा कैवार घेतल्यामुळे ज्याला क्रूरपणे मारले गेले असा हा बळी म्हणजे येशू होय, हे वर्णनावरून उघड आहे. जोतिबा आणि येशू हे दोघे अशा रीतीने एकाच राज्याच्या कथेत आले.

ह्या कल्पनेचा ऐतिहासिक खरेपणा शोधणे व्यर्थ आहे. तिचे वाङ्मयीन सामर्थ्य ओळखणे आवश्यक आहे. बळीचे राज्य परत यावे ही इच्छा मराठी बायका भाऊ-पतींना ओवाळताना पिढ्यान्‌पिढ्या बोलत आल्या होत्या. तो केवळ सणाचा उपचार राहिला होता. फुल्यांनी त्यात इतिहास भरला आणि उपचाराची मागणी केली. बायबलमधील देवराज्याची कल्पना, म्हणजे येणार असलेले आणि तरीही आजच सुरू झालेले न्यायाचे राज्य, मराठीत सर्वांत स्वाभाविक रूपाने कोठे उतरली असेल तर ती एखाद्या प्रवचनात नव्हे, तर बळीराजाच्या ह्या कथेत. धर्मांतर न करता एका समाजाने दुसऱ्याच्या आशेचा अर्थ कसा आत्मसात करावा, याचे हे उदाहरण आहे. मात्र फुल्यांची आशा समाजाची आहे. एकट्या माणसाने रात्री उशाला घेऊन झोपावे अशी ती नाही. त्या आशेसाठी दुसऱ्या लेखनाकडे वळावे लागते.

५

पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनात ती एकटी रात्र आहे. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थाटन करीत होत्या. दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात, १८७४ च्या सुमारास, त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि वडील बहीण अन्नाविना मरण पावली. होते तेवढे द्रव्य दानधर्मात, तीर्थक्षेत्रांत आणि अनुष्ठानांत संपले. देव प्रसन्न झाला नाही. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी ही हकीकत कोणताही अलंकार न वापरता सांगितली आहे. नवसाच्या आशेवरील टीका म्हणून हे लेखन मिशनरी पत्रकांहून फार भेदक ठरते, कारण ती टीका बाहेरून केलेली नाही. जो नवस फेडून थकला त्याच्या मुलीने ती केली आहे.

परंतु रमाबाईंच्या निवेदनाचे वैशिष्ट्य एवढ्यावर संपत नाही. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचा मृत्यू झाला, आणि १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथे कथेचा सुखान्त करण्याची सोय होती. त्यांनी तो केला नाही. बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्या देतात. ‘यमुनापर्यटना’त गळालेला कसोटीचा दुवा येथे जागेवर आला आहे.

आणि मग ह्या आशेला हात फुटले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया केडगावला आणल्या. मुक्तिसदनाचा विस्तार त्यातून झाला. दुष्काळात ज्या मुलीने आपले सर्व माणूस गमावले, तिने दुसऱ्या दुष्काळात दुसऱ्यांची माणसे उचलून आणली. तिच्या बाबतीत आशा म्हणजे मागे घडलेल्या प्रसंगाला पुढच्या वेळी दिलेले उत्तर होते. दक्षिण महाराष्ट्रात डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेला जे रुग्णालय उभारले त्याच्या दाराशी येणाऱ्या असंख्य रोग्यांनाही ख्रिस्ती आशा ग्रंथाने नव्हे, पट्टीने आणि औषधानेच कळली असावी. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा हिचा मृत्यू झाला तेव्हा रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्यांची शैली करडी आहे, तीत विनोद नाही, विसावा क्वचितच आहे. परंतु दुःखाला कमी लेखून मिळवलेले एकही वाक्य तीत नाही.

६

रमाबाईंच्या करडेपणात ज्याची उणीव भासते तो विसावा रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनात लाभतो. टिळकांचा जन्म १८६१ चा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन आणि अभंग यांना जे स्थान मिळाले त्यात टिळकांचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्यांच्या भक्तिगीतांत आशा ह्या शब्दाचे जुने पारमार्थिक वैर शमलेले दिसते, कारण ती फळाकडे न पाहता व्यक्तीकडे पाहते. भक्ताला काही हवे असते ते देवाकडून नव्हे. देवच हवा असतो. ही वाट अर्थातच तुकारामाची आहे.

परंतु पूल कितीही भक्कम असला तरी पैलतीर तो पैलतीरच. पंढरीचा देव विटेवर उभा आहे. तो युगे लोटली तरी हलत नाही. जोतिबालाही अंबाबाईने थांबवले आणि तो थांबला. ख्रिस्ती कथेत देव थांबत नाही. तो पकडला जातो, मारला जातो, पुरला जातो. भक्ताच्या आशेचा आधारच तीन दिवस नाहीसा होतो. हा अनुभव वारकरी परंपरेकडून उसना घेता येत नाही. टिळकांच्या गोड आणि प्रासादिक रचनेत तो क्वचितच पुरता उतरतो. त्यांच्या गीतांत वियोग आहे, पण वियोगाला भेटीची खात्री लगेच बिलगते. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान दिले. त्या धाडसात त्यांच्या आशेचे खरे मोल दिसते. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे होते.

तीन दिवसांचा तो अंधार मराठीत लिहिला तो लक्ष्मीबाईंनी, आणि तोही अंधार हा शब्द फारसा न उच्चारता. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंवर जे संकट कोसळले ते वैधव्याहून अवघड होते, कारण त्याला शोकाचा विधी नव्हता. नवरा जिवंत, पण घरात नाही, मूल लहान, समाजाच्या दृष्टीने स्थान अनिश्चित. ही चार-पाच वर्षे त्यांनी जशी सांगितली आहेत तशी सांगणे दुसऱ्या कोणत्याही मराठी लेखकाला क्वचितच साधले आहे. स्वतःच्या वेडाचे, भाबडेपणाचे, सोवळ्याच्या हट्टाचे त्या वर्णन करतात आणि वाचकाला हसवतात. हसता हसता त्याला कळते की हे हसू रडून संपल्यानंतरचे आहे.

त्यांच्या परिवर्तनाचा क्रमही अभ्यासनीय आहे. त्यांनी प्रथम जातिभेद टाकला आणि मग, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. माणूस माणसासारखा दिसू लागल्यावर देव निराळा दिसू लागला, असा हा क्रम. पुढे प्लेगचे दिवस आले, बिऱ्हाडे बदलली, हाती पैसा न टिकू देणाऱ्या पतीबरोबर संसार करावा लागला. ‘स्मृतिचित्रां’त ह्या कशावरही ‘म्हणून मी आशा सोडली नाही’ असे भाष्य नाही. आशा तेथे विधानात नसून स्वरात आहे. पदमनजी जे बोलून दाखवतात आणि रमाबाई जे करून दाखवतात, ते लक्ष्मीबाई सांगण्याच्या रीतीत दाखवतात. वाङ्मय म्हणून हा सर्वांत अवघड मार्ग आहे.

जिला लिहिणेवाचणे पतीने शिकवले आणि शिक्षण बेताचेच राहिले, त्या स्त्रीने पतीच्या मृत्यूनंतर त्याचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले. १९३६ मध्ये त्या वारल्यावर, १९३८ मध्ये, ते प्रकाशित झाले. गुणवत्तेच्या दृष्टीने ‘स्मृतिचित्रां’ची उंची ‘ख्रिस्तायना’ला नाही, हे मान्य केले पाहिजे, गद्यात जो मोकळा श्वास आहे तो ओवीत कोंडतो. परंतु मृताचे काम हाती घेऊन ते शेवटास नेणे ही कृती आशेची जी व्याख्या करते ती कोणत्याही कोशात सापडणार नाही.

७

येथे एक आक्षेप संभवतो. लक्ष्मीबाईंच्या लेखनातील धीर हा मराठी बाईचा जन्मजात धीर आहे. त्याला ख्रिस्ती म्हणण्याचे कारण काय? आक्षेप निराधार नाही. जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या ओव्यांत हाच धीर सापडतो. त्याचे उत्तर धर्मतत्त्वांत शोधण्यापेक्षा दोन कथा शेजारी ठेवून शोधावे.

लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेची कथा आहे. येशूच्या मृत्यूनंतरचा रविवार. दोन शिष्य खचलेल्या मनाने यरुशलेम सोडून चालले आहेत. एक अनोळखी माणूस त्यांना वाटेत गाठतो. संध्याकाळ होते, तो पुढे जाऊ लागतो, आणि दोघे त्याला आग्रहाने थांबवून घेतात. भाकरी मोडताना ते त्याला ओळखतात, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. खेट्यांच्या आख्यायिकेशी ह्या कथेचे साम्य सहज लक्षात येण्यासारखे आहे : रविवार, पायवाट, निघून जाणारा देव आणि त्याला थांबवणारे माणूस. भेद मात्र निर्णायक आहे. जोतिबा थांबला म्हणून डोंगर पवित्र झाला. अम्माऊसच्या कथेत देव थांबत नाही. पण शिष्य आता खचलेले राहत नाहीत, ते रात्रीच उठून ज्या शहरातून पळाले त्या शहराकडे परततात. एका कथेत आशा म्हणजे देवाचे सान्निध्य. दुसरीत सान्निध्य संपल्यावरही उरणारी चाल. लक्ष्मीबाईंचा धीर मराठी बाईचाच आहे. पण गेलेल्या माणसाचे काम पाठीवर घेऊन परत फिरणे हे वळण त्यांना ह्या दुसऱ्या कथेने दिले.

साम्य आणि भेद दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवण्याची गरज अलीकडच्या काळानेही दाखवून दिली आहे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेच्या पुढील रविवारी ईस्टर येतो. त्यामुळे कित्येक वर्षी जोतिबाची यात्रा आणि ईस्टर एकाच चंद्राखाली पडतात. २०२० मध्ये चैत्री पौर्णिमा ८ एप्रिलला आणि ईस्टर १२ एप्रिलला होते. महामारीमुळे त्या आठवड्यात डोंगरावर सासनकाठ्या चढल्या नाहीत आणि चर्चची दारेही बंद राहिली. २०२२ मध्ये यात्रा पुन्हा भरली तेव्हा पौर्णिमा १६ एप्रिलला आणि ईस्टर १७ एप्रिलला होते. दोन समाजांनी दोन वर्षे आपापली आशा देवळाविना आणि मंडळीविना सांभाळली. जिचा आधार गर्दी, विधी आणि स्थान यांवरच होता ती आशा ह्या काळात उघडी पडली. जिला त्यापलीकडे मूळ होते ती टिकली. ही कसोटी दोन्ही परंपरांना सारखीच लागू पडते.

एकंदर विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, आशा हा शब्द मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने भाषांतरात स्वीकारला, पण त्याचा अर्थ घडला तो भाषांतराबाहेर : स्टीफन्स यांच्या वाट पाहण्यात, फुल्यांच्या बळीराज्यात, रमाबाईंच्या मुक्तिसदनात आणि लक्ष्मीबाईंच्या हसण्यात. दुसरी, ह्या वाङ्मयावर प्रचारकीपणाचा जो सरसकट आरोप होतो तो कृतीनिहाय तपासला पाहिजे. दुःखाला पुरेसा वेळ दिला आहे की नाही, हा त्याचा निकष असावा. त्या निकषावर ‘यमुनापर्यटन’ उणे ठरते आणि ‘स्मृतिचित्रे’ मराठीतील अव्वल आत्मचरित्रांत बसते. तिसरी, लोकधर्माच्या शब्दसंपत्तीचा विचार न करता ख्रिस्ती आशेचा मराठी इतिहास लिहिता येणार नाही. मिशनऱ्यांना मराठीत आशेसाठी शब्द हवा होता. त्यांनी तो कोशात शोधला. जोतिबाच्या पायऱ्यांवर तो गुलालात न्हाऊन ओरडला जात होता. आणि जात कोणती, नवस कोणता, हे न विचारता सर्वांचे भले मागत होता.